महाराष्ट्रीय ख्रिस्ती घरांतील शास्त्रपरंपरा

जमीन, घर, देवघरांतील टाक, सावकाराचें देणें हें सर्व मुलाला बापाकडून आपोआप मिळतें. त्यासाठीं त्याला कांहीं करावें लागत नाहीं. धर्मही असाच मिळतो, अशी आपल्या समाजाची फार दिवसांची समजूत आहे. मूल ज्या घरीं जन्मलें त्या घरचा कुळाचार त्याचा, प्रश्न संपला. परंतु ज्यानें स्वतः बापाचा धर्म सोडून दुसरा पत्करला, त्याच्या घरीं हा प्रश्न संपत नाहीं. तेथें तो सुरू होतो. जो स्वतः परंपरा मोडून बाहेर पडला, त्यानें आपल्या मुलानें मात्र परंपरा पाळावी असें कोणत्या तोंडानें म्हणावें? आणि म्हटलें, तरी ती त्याच्या स्वाधीन कशी करावी? इ. स. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें कंपनी सरकारनें असें ठरविलें कीं, धर्मांतरामुळें कोणाचाही वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क बुडूं नये. मिळकतीचा प्रश्न असा एका कायद्यानें सुटला. श्रद्धेच्या वारशाचा प्रश्न कोणत्याही कायद्यानें सुटण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती घराण्यांनीं तो कसा सोडविला, किंवा सोडविण्याची खटपट केली, हें ह्या लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही हें परभणी जिल्ह्यांत बसून लिहीत आहों. ह्या जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती अगदीं थोडी आहे. तथापि धर्म एका पिढीकडून दुसरीकडे कसा जातो हें समजून घेण्यास ह्या जिल्ह्याइतकें चांगलें ठिकाण नसेल. गंगाखेड हें जनाबाईचें गांव. नामदेवांचें नरसी हेंही, १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा निघेपर्यंत, परभणी जिल्ह्यांतच होतें. येथील शेतकऱ्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या पोथी वाचतां येणारें माणूस विरळाच असे. निजामशाहींत, म्हणजे १९४८ पर्यंत, राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही तीच. असें असूनही विठ्ठलभक्ति येथें एका पिढीपुरतीसुद्धां खंडित झाली नाहीं. ह्याचें कारण ती कागदावर नव्हती. पहांटेच्या जात्यावर होती. आजी दळतां दळतां ओवी म्हणे, मांडीवर डोकें ठेवून पडलेली नात ती अर्धवट झोपेंत ऐके, आणि पुढें स्वतःच्या संसारांत जात्याचा खुंटा हातीं धरतांच ती ओवी तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. शिकविलें असें कोणीं नाहीं, शिकलें असेंही कोणी नाहीं. पण विद्या मात्र पोहोंचली.

आतां अशा घरांतील एखादें कुटुंब बाप्तिस्मा घेतें अशी कल्पना करा. त्याला नवा देव मिळतो, नवें पुस्तक मिळतें. पण त्याच दिवशीं जात्यावरची ओवी मुकी होते, कारण तिच्या प्रत्येक चरणांत पंढरी आहे. आजीचें तोंड बंद होतें. धर्मांतराच्या वादांत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ह्या मुक्या झालेल्या आजीकडे लिहिणारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आमच्या मतें महाराष्ट्रीय ख्रिस्ती वाङ्मयाचा अर्धाअधिक इतिहास हा तिला पुन्हां बोलतें करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

ख्रिस्ती लोकांचें पवित्र शास्त्र ह्या बाबतींत काय सांगतें तें प्रथम पाहूं. जुन्या करारांतील मोशेच्या पांचव्या ग्रंथाला मराठींत ‘अनुवाद’ असें नांव आहे. अनुवाद म्हणजे एकदां सांगितलेलें पुन्हां सांगणें. त्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत इस्राएल लोकांना आज्ञा आहे कीं, ह्या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवाव्या. घरीं बसलेले असतां, वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना त्यांविषयीं बोलत जावें. येथें देवळाचा उल्लेख नाहीं, शाळेचा नाहीं, उपाध्यायाचा नाहीं. उंबरठा, वाट आणि अंथरूण एवढ्याच जागा सांगितल्या आहेत. त्याच अध्यायाच्या शेवटीं असेंही म्हटलें आहे कीं, पुढें मुलगा विचारील, हे विधि व नियम कशासाठीं? तेव्हां बापानें त्याला मिसरांतल्या दास्याची आणि सुटकेची हकीकत सांगावी. म्हणजे शिक्षणाचा आरंभ मुलाच्या प्रश्नापासून, आणि उत्तर सिद्धान्तानें नव्हे तर गोष्टीनें. नव्या करारांत पौलानें आपला तरुण सहकारी तीमथ्य ह्याला लिहितांना त्याच्या विश्वासाचें मूळ त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायीं दाखविलें आहे. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, हें प्रेषितांच्या कृत्यांवरून कळतें. बापाचा धर्म एक, आईचा दुसरा, अशा दुभंगलेल्या घरांत शास्त्र मुलापर्यंत पोहोंचलें तें आजीच्या व आईच्या वाटेनें.

मराठी प्रदेशांत व त्याच्या शेजारीं ह्या गोष्टीची जाणीव प्रथम झाली ती गोमंतकांत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला व साष्टी प्रांतांत त्यानें आपलें बहुतेक आयुष्य काढलें. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत जुन्या कराराची व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्राची कथा आहे. ग्रंथाच्या आरंभींच एक मार्मिक प्रसंग आला आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्र्यास म्हणतो कीं, तुम्हीं आमचीं पूर्वींचीं पुराणें मना केलींत, तर त्यांच्या जागीं आमच्यासाठीं दुसरें पुराण कां रचीत नाहीं? ह्या एका प्रश्नांत त्या पिढीचें सारें दुःख सांठविलेलें आहे. पोथी काढून घेतली, पण पोथी ऐकण्याची संवय काढून घेतां येत नाहीं. संध्याकाळ झाली कीं कान रिकामे राहतात. स्टीफन्सनें तो प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं; त्यानें ज्ञानेश्वर-नामदेवांची ओवी उचलली आणि उत्पत्तीच्या पुस्तकापासून कथा सांगावयास बसला.

ह्या ग्रंथाचें पुढील चरित्र मोठें बोधप्रद आहे. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें वारें फिरलें. १६८४ सालीं पोर्तुगीज विसरेईनें देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? गोव्याहून कानडा प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो हातानें उतरून घेतला, गाऊन वाचला, लेंकरांना ऐकविला. मंगळूर येथें १९०७ सालीं सालढाणा ह्यांनीं तो पुन्हां छापला, तो अशा हस्तलिखितांवरून. छापखान्यांतून निघालेल्या प्रती नाहींशा झाल्या. घरोघर वाचलेलें तेवढें उरलें. धर्मग्रंथाचा खरा संग्रहालयपाल कोण, ह्याचें उत्तर ह्याहून स्पष्ट मिळणें कठीण.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची वाट निराळी होती. त्यांची भिस्त गाण्यावर नसून मूळ शास्त्राच्या भाषांतरावर होती. सेरामपूर येथें विल्यम केरी ह्यांनीं पंडितांच्या साह्यानें मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं व संबंध नवा करार १८११ सालीं मराठींत छापून काढला. १८१३ पासून मुंबईंत अमेरिकन मिशनचें काम सुरू झालें आणि भाषांतर व शाळा हीं दोन्ही कामें जोडीनें चालूं लागलीं. ह्या पुस्तकांनीं मराठी गद्याला वळण लावण्यास मदत केली हें खरें. परंतु तीं वाचावयाचीं पुस्तकें होतीं, म्हणावयाचीं नव्हेत. आणि वाचणारें माणूस घरांत असलेंच तर तें बहुधा शाळेंत गेलेला मुलगा असे. ह्यामुळें परंपरेचा ओघच उलटा झाला. आजीनें नातवाला सांगावयाचें, त्याऐवजीं नातू आजीला वाचून दाखवूं लागला.

मुलगा असा घरापुढें धांवूं लागला म्हणजे काय होतें, हें १८४३ सालीं मुंबईनें पाहिलें. स्कॉटिश मिशनच्या शाळेंतील नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें त्या वर्षीं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारें बारा वर्षें, हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि कोर्टानें मुलगा अज्ञान आहे म्हणून तो बापाच्या स्वाधीन केला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली व सनातन्यांचा रोष पत्करला. ह्या प्रकरणावर त्या वेळीं जो गदारोळ झाला त्यांत दोन्ही पक्ष आपापल्या दृष्टीनें खरे होते, असें आज शांतपणें म्हणतां येईल. बारा वर्षांच्या मुलाची समजूत ती किती, हा बापाचा प्रश्न बिनतोड होता. आणि समजूत आली म्हणजे ती कोणाच्या परवानगीनें येत नाहीं, हेंही तितकेंच खरें होतें. श्रीपत कोणाचा, हें कोर्टानें सांगितलें. त्याचें मन कोणाचें, हें सांगणें कोर्टाच्या अधिकारांत नव्हतें.

हेच नारायण शेषाद्रि पुढें आमच्या मराठवाड्यांत आले. परभणीहून मनमाडकडे जाणारी आगगाडी मानवत रोड, सेलू, परतूर हीं स्टेशनें घेऊन जालन्यास पोहोंचते. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच होता. जालना म्हणजे आमची शीवच. तेथें रेव्हरंड शेषाद्रींनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिशन उघडलें, व निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर, तेव्हां अस्पृश्य गणिलेल्या जातींतून मुख्यतः आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठीं एक नवें गांव वसविलें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस जाऊन आलेला हा विद्वान् गृहस्थ जालन्याच्या माळावर शेतकऱ्यांत राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. गांवाचें नांव त्यांनीं ठेविलें बेथेल.

हें नांव आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत बेथेलची कथा आहे. अब्राहामानें बापाचें घर सोडून देवाची हांक ऐकली. इसहाकाला ती वारशानें मिळाली. याकोब हा तिसऱ्या पिढीचा, अब्राहामाचा नातू. बापाला फसवून, भावाच्या भयानें पळालेला हा याकोब रानांत उशाला धोंडा घेऊन निजतो आणि स्वप्नांत त्याला आकाशाला भिडलेली शिडी दिसते. देव त्याला आपली ओळख देतो ती तुझ्या आजोबांचा व बापाचा देव अशी. याकोब जागा होऊन नवस करतो. पण तो कसा? देवानें मला अन्नवस्त्र दिलें, सुखरूप घरीं परत आणलें, तर तो माझा देव होईल. म्हणजे आजोबांचा देव अजून त्याचा झालेला नाहीं. नातवाची ही घासाघीस शास्त्रानें लपविलेली नाहीं, तिला दोषही दिलेला नाहीं. उलट ती जेथें झाली त्या जागेस देवाचें घर म्हटलें आहे. शेषाद्रींनीं हें नांव ठेवितांना एवढा विचार केला असेल किंवा नसेल. परंतु बापाचा धर्म सोडलेल्या पहिल्या पिढीनें आपल्या नातवंडांसाठीं वसविलेल्या गांवाला ह्याहून समर्पक नांव सांपडलें नसतें.

मुलावर हक्क कोणाचा, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत तर दोन्ही बाजूंनीं आला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या माउलीनें, तीर्थाटन करीत हिंडतांना, पहांटे उठवून लेंकीस भागवत मुखोद्गत करून दिलें. पुस्तकाविण, आईच्या तोंडून, वाटेनें चालतांना मिळालेलें हें शिक्षण. मोशेची आज्ञा माहीत नसतां तिचें तंतोतंत पालन. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण तेथील जोगिणींनीं मनोरमेला कोणती धर्ममतें शिकवावीं ह्यावरून लवकरच खटके उडाले. जें आपल्या बुद्धीस अद्याप पटलेलें नाहीं तें आपल्या मुलीस कोणीं शिकवूं नये, असें रमाबाईंचें म्हणणें. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. उलट, १८८९ सालीं काढलेल्या त्यांच्या शारदासदनांतील हिंदु मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, अशी ओरड होऊन १८९३ सालीं रानडे व भांडारकर ह्यांनीं सदनाशीं असलेला आपला संबंध तोडला. आपल्या मुलीविषयीं जो हक्क आईला हवा होता, तोच हक्क त्या मुलींच्या घरचे मागत होते. ह्यांत कोणास दोष द्यावा हें ठरविणें सोपें नाहीं. इतकेंच दिसतें कीं, मुलाची श्रद्धा ही अशी वस्तु आहे कीं तिला कोणीही बाहेरचा हात लावतांच घर कळवळून उठतें.

पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळानें पोरक्या झालेल्या शेंकडों मुली आल्या. त्या घराला आई होती, आज्या नव्हत्या. रूढ मराठी शास्त्राची भाषा ह्या मुलींना अवघड जाते, आणि तिच्यांतील संस्कृत शब्द जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ ओढून आणितात, असें पाहून रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकून, मुळावरून सबंध शास्त्राचें साधें मराठी भाषांतर करण्यास हात घातला. छपाईचें काम सदनांतील मुलींनींच केलें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. पुढल्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं रमाबाई गेल्या. ग्रंथ बाहेर आला १९२४ सालीं. ज्या मुलीच्या शिक्षणासाठीं ही बाई परक्या देशांत भांडली, तिच्या हातीं तो पडला नाहीं. पडला तो ज्यांना स्वतःचें घर नव्हतें अशांच्या लेंकींच्या हातीं. शास्त्रपरंपरा रक्ताच्या नात्यानेंच चालते असें नाहीं, ही गोष्ट ह्या दुःखांतूनच सिद्ध झाली.

ज्या घरीं ती रक्ताच्या नात्यानेंही चालली, तें घर टिळकांचें. नारायण वामन टिळक ह्यांना १८९३ सालीं राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें नवा करार दिला. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मुलासह नातलगांत राहिल्या. तीमथ्याच्या घरासारखेंच हें घर दुभंगलें, फक्त बाजू उलट्या. बापानें शास्त्र पाठवून बायकोवर जबरदस्ती केली असती, तर काय झालें असतें कोण जाणे; चारपांच वर्षांनीं लक्ष्मीबाई पतीकडे परत गेल्या आणि १९०० सालीं, आपल्या मनाशीं झगडून, राहुरी येथें ख्रिस्ती झाल्या. पतीचा धर्म म्हणून नव्हे, आपला म्हणून.

टिळकांनीं ओळखलें कीं, मराठी ख्रिस्ती घराला पुस्तक आहे पण गाणें नाहीं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. तो पूल त्यांनीं मागें मोडून टाकला नाहीं. त्यांचीं भजनें ‘उपासना संगीता’च्या द्वारें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पसरलीं. १९०९ सालीं त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हातीं घेतलें. अकरा अध्याय झाले आणि १९१९ सालीं ते निवर्तले. लहानपणीं शाळेचें तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरें शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढचे चौसष्ट अध्याय रचिले. १९३६ सालीं त्या वारल्या. उरलेला शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्त ह्यांनीं पुरा केला, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. बापानें आरंभिलें, आईनें वाढविलें, मुलानें पुरें केलें. देवदत्तांचे चिरंजीव अशोक ह्यांनीं पुढें आजीच्या ‘स्मृतिचित्रां’ची साक्षेपी आवृत्ति सिद्ध केली. नातवानें आजीचे शब्द झाडून पुसून पुन्हां लोकांपुढें ठेविले. १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत जी ओवी एका परदेशी पाद्र्यानें उसनी घेऊन लिहिली, ती तीनशें वर्षांनीं महाराष्ट्रीय ख्रिस्ती आजीच्या स्वतःच्या तोंडून निघाली. मुकी झालेली आजी बोलूं लागली ती अशी.

ह्याचा अर्थ प्रश्न कायमचा सुटला असा नव्हे. आमच्या पाहण्यांतील ख्रिस्ती घरांत आजीचें मराठी शास्त्र अजून उशाशीं असतें. नातवंडें इंग्रजी शाळेंत जातात आणि त्यांतलीं कांहीं परदेशीं राहतात. त्यांचें वाचन इंग्रजींत, प्रार्थना इंग्रजींत. आतां तर शास्त्र वाचून दाखविणारें यंत्रही खिशांत मिळतें. शब्द पोहोंचतात, परंतु निजतांना व उठतांना ते कोणाच्या तोंडून ऐकले, ही आठवण यंत्राला देतां येत नाहीं. आणि ह्या बाबतींत आम्हां हिंदु घरांनीं दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. जातें गेलें, तसें आमच्या आजीचेंही तोंड बंद झालें. आमच्या नातींना हरिपाठ येतो काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारून पाहावें. जो तुटलेपणा नवख्रिस्ती कुटुंबाला बाप्तिस्म्याच्या दिवशीं सोसावा लागला, तो आज कोणताही धर्म न सोडतां आपणां सर्वांच्या घरीं आला आहे. म्हणूनच ह्या मूठभर लोकांच्या इतिहासाचें मोल आम्हांस अधिक वाटतें. तुटलेली परंपरा पुन्हां कशी जोडतात, हें त्यांना शिकावें लागलें.

त्यांनीं काय केलें? जुनी चाल उचलली, तींत नवी कथा घातली. कठीण शब्द सोपे केले. पोरक्यांना आपलें म्हटलें. आणि अखेरीस नातवाला त्याचें बेथेल त्याच्या वाटेनें सांपडूं दिलें. वडिलांच्या हातीं आहे तें सांगणें, पुन्हां सांगणें. मोशेच्या पांचव्या ग्रंथाला आमच्या भाषेंत जें नांव पडलें, त्यांत हें सर्व आलें आहे. वारसा हा दस्तऐवजानें होतो. परंपरा अनुवादानें होते, आणि तो प्रत्येक पिढीला आपल्या आवाजांत नव्यानें करावा लागतो.